पहिली शर्यत : जोर किती लावायचा, आणि कधी?

डिसेंबर-जानेवारी आला की होस्टेलच्या नोटीस बोर्डावर मेसच्या बिलाशेजारी एखाद्या शर्यतीचं पोस्टर हमखास लागतं. कुणीतरी नाव नोंदवतो, त्याच्या रूममधले आणखी तिघं नोंदवतात, आणि सबमिशनच्या धावपळीत खऱ्या धावपळीचीही तारीख ठरते! पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, मुंबईची मोठी मॅरेथॉन २००४ साली, साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली. आता तर तालुक्याच्या गावीसुद्धा १० किमीची शर्यत होते. बूट कुठले घ्यायचे, टी-शर्ट मिळणार का, मेडल कसं आहे, याची चर्चा भरपूर होते. पण ज्या प्रश्नावर सगळी शर्यत अवलंबून असते तो कुणी विचारत नाही. तो म्हणजे, धावताना जोर किती लावायचा?

दोन टोकाची उत्तरं तयार असतात. एक, "जीव तोडून पळ, बघून घेऊ." दुसरं, "पहिलीच आहे रे, नुसती एन्जॉय कर." माझ्या मते ही दोन्ही उत्तरं आळशीपणाची आहेत. पहिलं तुम्हाला सहाव्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेला बसवतं. दुसरं तुम्हाला शर्यत संपल्यावरही स्वतःबद्दल काहीच कळू देत नाही. खरं उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे आणि ते चक्क गणिताने काढता येतं. आपण इंजिनिअरिंगवाले, तेव्हा गणितापासून पळायचं कारण नाही. (एम-थ्रीची केटी असली तरी चालेल, इथे नुसती सरळ रेषा आहे.)

इथे आपण १० किमीची शर्यत धरून चालू. पहिल्यांदा धावणाऱ्या विद्यार्थ्याला हेच अंतर योग्य. आणि एक गृहीत धरतो, की तुम्ही गेले सहा-आठ आठवडे आठवड्यातून तीनदा तरी धावताय आणि न थांबता सात-आठ किलोमीटर सावकाश जाऊ शकता. तेवढं होत नसेल तर जोर किती हा प्रश्नच उद्भवत नाही. ५ किमीचा गट निवडा आणि खुशाल धावा.

गच्चीवरची टाकी

होस्टेलच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते आणि खालून बोअरची मोटर ती भरत असते. नळ बेताने चालू असले तर मोटर जेवढं पाणी चढवते तेवढंच खर्च होतं, टाकी भरलेली राहते. सकाळी साडेसातला सगळ्या मजल्यांवर एकदम नळ सुटले की खर्च मोटरपेक्षा जास्त होतो आणि टाकी उतरू लागते. एकदा टाकी रिकामी झाली की तुम्ही प्राचार्य असा नाहीतर फर्स्ट इयरचे, मोटर जेवढं देईल तेवढंच पाणी मिळणार.

धावण्याचं हुबेहूब असंच आहे. मोटर म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करण्याची शरीराची यंत्रणा. ती तासभर बिनबोभाट चालू शकते, पण तिची एक मर्यादा आहे. ज्या वेगाला ही मर्यादा गाठली जाते त्याला शरीरक्रियाशास्त्रात क्रिटिकल स्पीड म्हणतात. त्यापेक्षा जोरात धावलात तर वरचा खर्च टाकीतून होतो. ही टाकी म्हणजे स्नायूंमधला फॉस्फोक्रिएटिनचा साठा आणि ऑक्सिजनविना ग्लुकोज फोडून मिळणारी ऊर्जा. टाकी लहान असते. किती लहान, ते आपलं आपल्याला मोजता येतं.

शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी ४०० मीटरच्या मैदानावर दोन वेगवेगळ्या दिवशी दोन चाचण्या घ्या. एका दिवशी १ किमी (अडीच फेऱ्या) आणि दुसऱ्या दिवशी ३ किमी (साडेसात फेऱ्या). दोन्ही पूर्ण ताकदीने. समजा, १ किमीला ४ मिनिटं १० सेकंद म्हणजे २५० सेकंद लागले आणि ३ किमीला १४ मिनिटं ५० सेकंद म्हणजे ८९० सेकंद. आता एक्स अक्षावर वेळ, वाय अक्षावर अंतर घ्या आणि दोन बिंदूंतून रेषा काढा. रेषेचा स्लोप म्हणजे २००० भागिले ६४०, बरोबर ३.१२५ मीटर प्रति सेकंद. हा झाला तुमचा क्रिटिकल स्पीड, किलोमीटरला ५ मिनिटं २० सेकंद. रेषा वाय अक्षाला जिथे छेदते तो इंटरसेप्ट साधारण २१९ मीटर येतो. याला डी डॅश म्हणतात. तीच तुमची टाकी!

२१९ मीटर. दहा हजार मीटरच्या शर्यतीत एवढीच शिल्लक तुमच्या खात्यात आहे. आता बघा काय होतं ते. शिट्टी वाजते, ढोल-ताशा घुमतो, पुढचे सगळे सुसाट सुटतात आणि तुम्हीही पहिला किलोमीटर ४:३० मध्ये काढता. २७० सेकंदात क्रिटिकल स्पीडने तुम्ही ८४४ मीटर गेला असता, गेलात १००० मीटर. म्हणजे वरचे १५६ मीटर टाकीतून गेले. नऊ किलोमीटर बाकी आहेत आणि टाकीतलं सत्तर टक्के पाणी संपलं आहे. क्रिटिकल स्पीडच्या खाली आलात तर टाकी पुन्हा भरते, पण हळूहळू. ती भरायची तर बराच वेळ वेग कमी ठेवायला हवा आणि शर्यतीत तेवढा धीर कुणाला असतो?

हाच पहिला किलोमीटर ५:१० मध्ये काढला असता तर? टाकीतून गेले असते फक्त ३१ मीटर. आणि ५:४५ मध्ये काढला असता तर एक थेंबही नाही.

आता नफा-तोटा मांडू. तुमचा ठरवलेला वेग ५:४५ असेल तर ४:३० ने धावून तुम्ही ७५ सेकंद कमावलेत. पुढे सातव्या किलोमीटरला पाय जड होऊन एक किलोमीटर चालावं लागलं, तर चालायला अकरा मिनिटं लागतात. म्हणजे गमावली सव्वापाच मिनिटं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तो हा हिशोब.

हे मॉडेल म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हेही सांगायला हवं. क्रिटिकल स्पीड अर्धा-पाऊण तास टिकतो, नवख्याला त्याहून कमी. १० किमीला तुम्हाला तासभर लागणार असेल तर सरासरी वेग त्याच्या थोडा खालीच ठेवावा लागतो. मी साधारण आठ टक्के हळू धरतो. वरच्या उदाहरणात ५:२० चे ५:४५ होतात आणि शर्यत ५७ मिनिटं ३० सेकंदांत संपते. तुमचे आकडे वेगळे येतील. मित्राचे आकडे उसने घेऊ नका, असाइनमेंटसारखे!

सुरुवातीला काहीच का वाटत नाही?

इथे एक गोम आहे. ४:३० ने सुटलेल्या माणसाला पहिल्या किलोमीटरला विचारा, "कसं वाटतंय?" तो म्हणेल, "एकदम मस्त!" तो खोटं बोलत नसतो. धावायला सुरुवात केली की ऑक्सिजनचा पुरवठा लगेच पूर्ण क्षमतेला जात नाही. श्वास, हृदय, रक्तप्रवाह यांना वेग पकडायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात तूट टाकीतूनच भरली जाते आणि तिचा मीटर बाहेर कुठे दिसत नाही. वर शर्यतीच्या उत्साहाचं अ‍ॅड्रेनलिन. त्यामुळे जोर किती लागतोय याची जाणीव पहिल्या किलोमीटरला सर्वांत खोटी असते. तिसऱ्या किलोमीटरला ती खरी होते, तोवर उशीर झालेला असतो.

म्हणून पहिल्या किलोमीटरला मनावर नाही, घड्याळावर विश्वास ठेवा. तिथून पुढे उलट, घड्याळापेक्षा श्वासावर. आणि शर्यतीआधी दहा मिनिटं हलकं पळून अंग गरम केलंत तर सुरुवातीची तूट थोडी कमी होते. उभ्या उभ्या सेल्फी काढून ती होत नाही.

हे फक्त नवख्यांचं आहे असं समजू नका. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकची मॅरेथॉन बघा. ४२.१९५ किमी हे विचित्र अंतर याच शर्यतीतून आलं. उकाड्याचा दिवस होता. यजमान ब्रिटिश धावपटू सुरुवातीलाच जोरात सुटले आणि एकेक करून मागे पडले. इटलीचा डोरांडो पिएत्री दक्षिण आफ्रिकेच्या चार्ल्स हेफेरॉनला गाठण्यासाठी शेवटच्या टप्प्यात जिवाच्या आकांताने धावला, पुढेही गेला. पण स्टेडियममध्ये शिरताच तो उलट्या दिशेने वळला, पुन्हा पुन्हा कोसळला. शेवटच्या साडेतीनशे मीटरला त्याला दहा मिनिटांच्या आसपास लागली. पंचांनी हात देऊन त्याला रेषेपार नेलं, म्हणून तो बाद ठरला. सुवर्णपदक मिळालं ते अमेरिकेच्या जॉनी हेजला, जो सुरुवातीला मागे राहून बेताने पुढे सरकत आला होता.

याच्या उलट ८ ऑक्टोबर २०२३ ची शिकागो मॅरेथॉन. केनियाच्या केल्व्हिन किप्टुमने २ तास ३५ सेकंदांचा तेव्हाचा विश्वविक्रम केला. पहिला अर्धा भाग ६० मिनिटं ४८ सेकंदांत, दुसरा ५९ मिनिटं ४७ सेकंदांत. दुसरा भाग एक मिनिटाने जलद!

श्वासाची मोजपट्टी

मग पहिल्या किलोमीटरनंतर जोर मोजायचा कसा? सगळ्यांच्या मनगटावर आता हार्ट रेट दाखवणारं घड्याळ आलंय आणि २२० वजा वय हे सूत्र पाठ झालंय. एकोणीस वर्षांच्या मुलाला त्याने कमाल ठोके २०१ येतात. २००१ साली आलेल्या दुसऱ्या सूत्राने (२०८ वजा ०.७ गुणिले वय) येतात सुमारे १९५. दोन्ही सूत्रं म्हणजे अनेक लोकांच्या आकड्यांतून काढलेल्या सरासरी रेषा. प्रत्यक्ष माणूस त्या रेषेपासून दहा-बारा ठोके वर किंवा खाली सहज असतो. शिवाय मनगटावरचा प्रकाशाचा सेन्सर कधीकधी ठोक्यांऐवजी तुमची पावलंच मोजतो. तेव्हा तो आकडा बघून घाबरू नका, आणि हुरळूनही जाऊ नका.

स्वीडनचा मानसशास्त्रज्ञ गुन्नर बोर्ग याने एक साधी पट्टी बनवली, ६ ते २० आकड्यांची. ६ म्हणजे निवांत बसलेला, २० म्हणजे आता याहून जास्त शक्यच नाही. (६ पासून का? तरुण माणसात त्याला दहाने गुणलं की ठोक्यांच्या जवळपास आकडा येतो, म्हणून.) आपल्या कामापुरती ती श्वासात बसवू. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय, "अरे, आज मेसमध्ये पोहे आहेत की उपमा?" हे न अडखळता, तर तुम्ही १२-१३ वर आहात. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, तर १४-१५. एकच शब्द निघतोय, "पोहे!", तर १७. काहीच निघत नाही, तर त्याच्याही वर.

पहिल्या १० किमीसाठी माझी मांडणी अशी. पहिले तीन किलोमीटर पूर्ण वाक्याचे. मागून काका-काकू पुढे जातील, शाळेतली पोरं पुढे जातील, जाऊ द्या. तीन ते आठ हे तीन-चार शब्दांचे. शर्यतीचा खरा कस इथेच लागतो, कारण इथे ना सुरुवातीचा ढोल असतो ना शेवटची गर्दी, आणि मन भरकटतं. आठव्या किलोमीटरला स्वतःला तपासा. अजून तीन शब्द निघतायत? मग सोडा लगाम. शेवटचे दोन किलोमीटर एका शब्दाचे, आणि शेवटचे चारशे मीटर निःशब्द. टाकी तिथे रिकामी करायची, त्याआधी नाही.

या शेवटच्या दोन किलोमीटरांबाबत मी आग्रही आहे. नुसतं एन्जॉय करून परत येणाऱ्याला आपली मर्यादा कुठे आहे हे कळतच नाही. खूप दमल्यासारखं वाटणं आणि खरोखर संपणं यात अंतर असतं. ५ आणि १० हजार मीटरचे विश्वविक्रम तपासले तर मधल्या किलोमीटरांपेक्षा शेवटचा किलोमीटर जलद असल्याचं दिसतं. माणूस खरंच पुरता रिकामा झाला असता तर हे शक्य नव्हतं. दक्षिण आफ्रिकेचे टिम नोक्स म्हणतात की धोका यायच्या आधीच मेंदू आपल्याला आवरतो. या मताबद्दल शास्त्रज्ञांत वाद आहे. पण आपल्याकडे बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये केनियाच्या अब्राहम किबिवोटला शेवटपर्यंत सोडलं नाही आणि तो अवघ्या ०.०५ सेकंदाने दुसरा आला. राखून ठेवलेला जोर कशासाठी असतो, हे बघायचं असेल तर त्या शर्यतीचा शेवटचा लॅप बघा.

एक गैरसमज जाता जाता. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंबलतात ते लॅक्टिक अ‍ॅसिड साचल्यामुळे नाही. लॅक्टेट तासाभरात पूर्ववत होतं, आणि तेही विष नसून हृदय आणि स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. दुखणं असतं ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांचं.

चढ असेल तर वरचा सगळा वेगाचा हिशोब बदलतो. शंभर मीटरला पाच मीटर चढ असेल तर सपाटीपेक्षा जवळजवळ तीस टक्के जास्त ऊर्जा लागते. म्हणजे ५:४५ चा वेग त्याच जोरात साडेसात मिनिटांवर येतो, आणि तो यायलाच हवा. साताऱ्याला सुरुवातीलाच यवतेश्वरचा घाट चढायचा असतो. मुंबईच्या फुल मॅरेथॉनमध्ये परतताना पेडर रोडचा चढ येतो तो पस्तीस किलोमीटरच्या पुढेमागे. चढावर घड्याळ खिशात घाला आणि श्वास तेवढाच ठेवा.

रेडिएटर

आता जरा गंभीर भाग. जोर जास्त झाला तर एरवी काय होतं? चालावं लागतं, मित्र चिडवतात, बस्स. पण एका बाबतीत ते तेवढ्यावर थांबत नाही. ती म्हणजे उष्णता.

धावायला दर किलोला, दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी लागते. ६० किलोच्या मुलाला १० किमीला ६०० किलोकॅलरी. (स्नायू आणि यकृतात मिळून दीड-दोन हजार किलोकॅलरींचं ग्लायकोजेन असतं, त्यामुळे १० किमीला इंधन संपत नाही. मॅरेथॉनमध्ये तिशीच्या पुढे जी भिंत लागते म्हणतात ती वेगळी.) या ६०० पैकी तीन चतुर्थांशाहून जास्त उष्णता होते, म्हणजे किमान ४५०. आपल्या शरीराची विशिष्ट उष्णता सुमारे ०.८३ आहे. ६० किलोचं शरीर एक अंशाने तापवायला ५० किलोकॅलरी पुरतात. भागाकार करा. उष्णता बाहेर गेलीच नाही तर तासाभरात तापमान नऊ अंशांनी वाढेल, ३७ चं ४६! चाळीसच्या वर गेलं की मेंदू गडबडायला लागतो.

वाचवतो तो घाम. एक लिटर घाम वाळला की सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो, म्हणजे पाऊण लिटरच्या वर घाम वाळला की काम झालं. वाळला हा शब्द महत्त्वाचा. ठिबकून रस्त्यावर पडलेला घाम फुकट गेला. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरातल्या कोरड्या गारव्यात तो वाळतो. मुंबईत, कोकणात, गोव्यात हवा दमट असली की अंगावरून नुसता ओघळतो. आणि उष्णता तयार होण्याचा दर थेट तुमच्या वेगावर अवलंबून असतो. म्हणजे दमट दिवशी वेग कमी करणं हा भित्रेपणा नव्हे, थर्मोडायनॅमिक्स आहे.

१९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये महिलांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन झाली. स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस उन्हाने झोकांड्या खात स्टेडियममध्ये आली. शेवटच्या फेरीला तिला पाच मिनिटांहून जास्त लागली. रेषा ओलांडून ती ३७ वी आली, सावरलीही. जगाने तिच्या जिद्दीला टाळ्या वाजवल्या. पण डॉक्टर तिच्या बाजूने चालत होते आणि तिला अजून घाम येतोय हे बघूनच त्यांनी तिला पुढे जाऊ दिलं होतं. तुमच्या बाजूने डॉक्टर चालणार नाहीत.

म्हणून ही लक्षणं आली तर जोर कमी नाही करायचा, थांबायचं. छातीत दुखणं किंवा दाब येणं, डोळ्यांसमोर अंधारी, उन्हात थंडी वाजून काटा येणं, तोल जाणं, आपण कुठे आहोत हे न उमगणं. शेवटच्या दोन लक्षणांची गंमत अशी की ती ज्याला होतात त्याला कळत नाहीत, तेव्हा शेजारी धावणाऱ्याकडे लक्ष ठेवा. कुणी असंबद्ध बोलू लागला तर त्याला "चल चल, थोडंच राहिलंय" म्हणू नका. सावलीत घ्या, अंगावर जमेल तेवढं गार पाणी ओता, बर्फ असेल तर लावा, आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवा. आधी गार करणं, मग नेणं.

काही जणांनी तर त्या दिवशी शर्यतीलाच जाऊ नये. गेल्या काही दिवसांत ताप येऊन गेलेल्याने, कारण विषाणूच्या तापात हृदयाच्या स्नायूला सूज असू शकते. रात्रभर जागून जर्नल पूर्ण केलेल्यानेही. धावताना कधी चक्कर येऊन पडला असाल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढा. आणि गुडघा दुखेल म्हणून आधीच पेनकिलर घेऊन धावायची जी फॅशन आहे ती बंद करा. घामाने पाणी कमी झालेल्या मूत्रपिंडावर त्या गोळ्यांचा वाईट ताण येतो. तासाभराच्या शर्यतीत तहान लागेल तसे घोट-घोट पाणी पुरतं. प्रत्येक टेबलावर दोन ग्लास रिचवले की पोटात नुसतं डुबुक डुबुक होतं. बूट, मोजे, नाश्ता, यातलं काहीही त्या दिवशी नवं नको.

शेवटची रेषा ओलांडल्यावर लगेच बसकण मारू नका. धावताना पायांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलात की रक्त पायात साचतं आणि चक्कर येते. मेडल गळ्यात पडलं तरी दहा मिनिटं चालत राहा, मग केळं खा, मग फोटो. संध्याकाळी होस्टेलवर आल्यावर एका कागदावर दर किलोमीटरची वेळ, हवा कशी होती, आणि कितव्या किलोमीटरला तीन शब्दांवरून एका शब्दावर आलात ते लिहून ठेवा. आठव्याच्या आधी आला असाल तर पुढच्या वेळी सुरुवातीचे तीन किलोमीटर पाच-सहा सेकंदांनी हळू. शेवटपर्यंत पूर्ण वाक्य बोलत असाल तर तेवढेच जलद. पाय मोकळे झाले की, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, पुन्हा मैदानावर जाऊन १ आणि ३ किमीच्या चाचण्या घ्या आणि त्याच ग्राफ पेपरवर नवी रेषा काढा.